प्रॉप ट्रेडिंगमध्ये करिअर: राजीनामा देण्याआधी करायच्या गोष्टी, त्यांच्या क्रमाने

ब्रोकर किंवा ट्रेडिंग संस्था स्वतःच्या भांडवलावर आणि स्वतःच्या नफ्यातोट्यासाठी जे सौदे करते, त्यांना प्रोप्रायटरी ट्रेडिंग म्हणतात. बाजारातल्या बोलीत त्याला नुसते ‘प्रॉप’ किंवा ‘प्रो’ असे म्हटले जाते. या क्षेत्रात येऊ पाहणारे नवखे उमेदवार आधी नोकरी सोडतात, नंतर कोणाकडे तरी डिपॉझिट भरतात, त्यानंतर क्लास लावतात आणि तोटा झाल्यावर सही केलेला करार पहिल्यांदा वाचतात. खालील टप्पे याच्या बरोबर उलट क्रमाने लावले आहेत. एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्यावर जाऊ नये, कारण प्रत्येक टप्प्यात पुढचा खर्च वाचवणारी एखादी तरी गोष्ट कळते.

टप्पा १: ‘प्रॉप’ म्हणजे नेमके कोणते काम, हे ओळखा

या एका शब्दाखाली चार अगदी वेगवेगळी कामे येतात. जाहिरातीत ती सारखीच दिसत असल्यामुळे पहिली चूक इथेच होते.

पहिले काम अल्गोरिदमने सौदे करणाऱ्या संस्थांमधले आहे. गुरुग्राममधील टॉवर रिसर्च, ग्रॅव्हिटन आणि क्वाडआय किंवा मुंबईतील अल्फाग्रेप ही त्यांची परिचित नावे. येथे पगार आणि वार्षिक बोनस मिळतो. भरती मुख्यतः आयआयटीसारख्या संस्थांच्या कॅम्पसवरून होते आणि संख्याशास्त्र, संभाव्यता, सी प्लस प्लस व पायथन यांची कसून परीक्षा घेतली जाते. इथला ट्रेडर हाताने खरेदी-विक्री क्वचितच करतो. प्रोग्रॅम काय करतो आहे, जोखमीच्या मर्यादा कोठे ठेवायच्या आणि तो कधी बंद करायचा, हे पाहणे हे त्याचे काम असते.

दुसरे काम ब्रोकरच्या प्रो डेस्कवरचे आहे. त्यात रोख बाजार आणि फ्युचर्स (पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने व्यवहार करण्याचे करार) यांच्या भावातील फरकावरचे आर्बिट्राज, म्हणजे स्वस्त बाजूला खरेदी आणि महाग बाजूला विक्री, एका महिन्याच्या कराराकडून दुसऱ्या महिन्याकडे करायचे रोलओव्हर आणि ऑप्शन्समधील (ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क देणारे करार) ठरावीक रचना असे सौदे असतात. पगार मध्यम असून त्यावर इन्सेन्टिव्ह मिळतो. बी.कॉम. झालेल्या, हाताला वेग आणि आकडेमोडीला पक्केपणा असलेल्या उमेदवाराला येथे प्रवेश मिळू शकतो.

तिसरे काम ‘जॉबिंग’चे. एखाद्या कार्यालयात टर्मिनल आणि खुर्ची मिळते, तुमच्याकडून डिपॉझिट घेतले जाते, त्याच्या काही पट मर्यादा दिली जाते आणि नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. पगार नसतो.

चौथे काम इंटरनेटवरच्या ‘फंडेड अकाउंट’चे. फी भरून परीक्षा द्यायची, ठरलेला नफा मिळवून दाखवायचा आणि मग मोठे खाते मिळवायचे, असा हा प्रकार आहे. यातील अनेक संस्था परदेशी आहेत आणि खाते आभासी असल्याचे कित्येकींच्या अटींमध्येच लिहिलेले असते.

कोणताही प्रस्ताव आला की तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत. सौद्यातले पैसे कोणाचे आहेत? बाजारात सौदा कोणाच्या नावावर नोंदला जातो? तोटा झाल्यास तो कोण सोसतो? पहिल्या दोन कामांत तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘संस्था’ असे असते. तिसऱ्या कामात सौदा संस्थेच्या नावावर असतो, तोटा मात्र आधी तुमच्या डिपॉझिटमधून जातो. म्हणजे जोखीम ग्राहकाची आणि ग्राहकाचे संरक्षण मात्र नाही, अशा जागी तुम्ही बसता. तुमच्या नावाची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची अधिकृत पावती, निघत नाही, त्यामुळे पुढे वाद झाल्यास शेअर बाजाराकडे किंवा सेबी या बाजार नियामकाच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार व्यवस्थेकडे ग्राहक म्हणून दाद मागणे कठीण जाते.

इथे आणखी एक संबंध लक्षात घ्यावा. १ सप्टेंबर २०२१ पासून ग्राहकाच्या सौद्यांसाठी दिवसभरातील सर्वोच्च मार्जिन (सौद्यासाठी जमा करायची रक्कम) शंभर टक्के आधी भरलेले असावे लागते. ब्रोकरला त्याहून अधिक उधारीवर ग्राहकाला सौदे करू देता येत नाहीत. त्यामुळे ‘पाच लाख द्या आणि पन्नास लाखांची मर्यादा घ्या’ असे कोणी म्हणाले, तर ती मर्यादा कोणत्या नियमाखाली दिली जात आहे, हे विचारलेच पाहिजे. ग्राहकाचे सौदे संस्थेच्या प्रो कोडमध्ये, म्हणजे तिचे स्वतःचे सौदे म्हणून, करणे नियमबाह्य आहे. शेअर बाजाराने उद्या त्या कार्यालयावर कारवाई केली, तर तुमचे डिपॉझिट त्यात अडकते.

सावधान: परकीय चलनाच्या जोड्यांवर चालणाऱ्या परदेशी मंचांबाबत अधिक काळजी घ्यावी. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ नुसार निवासी भारतीयाला असे सौदे अधिकृत व्यक्तींबरोबर आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात. इलेक्ट्रॉनिक सौदे रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या मंचांवर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांवरच करायचे असतात. परदेशी बाजारात मार्जिन भरण्यासाठी परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेचा (एलआरएस) वापर करता येत नाही. रिझर्व्ह बँक २०२२ पासून अनधिकृत मंचांची ‘अलर्ट लिस्ट’ प्रसिद्ध करते, ती पाहावी. यादीत नाव नाही, म्हणजे तो मंच अधिकृत आहे, असा मात्र अर्थ काढू नये.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या टप्प्यावरच वाचावा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधील ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते आणि तोट्यात गेलेल्यांचा सरासरी तोटा खर्चासह सुमारे दोन लाख रुपये होता. २०२३-२४ मध्ये प्रोप्रायटरी ट्रेडरांचा खर्चापूर्वीचा नफा सुमारे ३३,००० कोटी रुपये होता, आणि त्यातील ९६ टक्के नफा अल्गोरिदम वापरणाऱ्यांकडे गेला. ‘प्रॉपवाले कमावतात’ हे विधान त्यामुळे खरे आहे, पण कमावणाऱ्यांपैकी बहुतेक जण माउसने सौदे करत नाहीत. हाताने जॉबिंग करण्यासाठी निघालेला उमेदवार उरलेल्या छोट्या हिश्श्यासाठी स्पर्धेत उतरत असतो.

टप्पा २: घरखर्चाचे पैसे वेगळे काढा

निदान बारा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत किंवा बचत खात्यात वेगळा ठेवावा आणि त्याला ट्रेडिंगच्या खात्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. पगार देणाऱ्या डेस्कवरही प्रशिक्षणाच्या काळात केवळ स्टायपेंड मिळण्याची शक्यता असते. डोंबिवली किंवा विरारहून रोज साडेआठच्या आत फोर्ट, अंधेरी किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात पोहोचायचे असेल, तर प्रवास, जेवण आणि कदाचित खोलीचे भाडे हेही या हिशेबात धरावे. बाजार सव्वानऊला उघडतो, डेस्क मात्र त्याआधीच भरलेले असते.

तीन स्रोतांना हात लावू नये: वैयक्तिक कर्ज, आई-वडिलांचा भविष्य निर्वाह निधी आणि नातेवाइकांनी ‘तू जरा फिरवून दे’ म्हणून दिलेले पैसे. तिसऱ्या स्रोतात नात्याबरोबर कायद्याचाही प्रश्न येतो. इतरांचे पैसे मोबदल्यासाठी हाताळायचे असतील, तर सेबीकडे पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून नोंदणी लागते आणि त्या सेवेत प्रत्येक ग्राहकाची किमान गुंतवणूक पन्नास लाख रुपये असावी लागते. मामाचे तीन लाख आणि काकांचे दोन लाख एकत्र करून नफ्यातला वाटा घेणे ही करिअरची सुरुवात ठरू शकत नाही.

तपासणी: पुढील बारा महिने एक रुपयाही कमावला नाही, तरी कोणता हप्ता चुकेल? एका जरी हप्त्याचे नाव समोर आले, तरी नोकरी चालू ठेवून पुढचे टप्पे करावेत. टप्पा ७ पर्यंतचे सर्व काही नोकरी सांभाळून करता येते.

टप्पा ३: पद्धत शिकण्याआधी खर्चाचे गणित करा

क्लासमध्ये चार्टपासून सुरुवात होते. डेस्कवर ती खर्चापासून होते. माझ्या मते नवख्या उमेदवाराने पहिला पूर्ण आठवडा केवळ एका सौद्याचा खर्च हाताने काढण्यात घालवावा.

उदाहरण घेऊ. निफ्टी २४,००० वर आहे आणि लॉट (एका करारातील संख्या) ७५ चा आहे, असे धरल्यास फ्युचर्सच्या एका कराराची किंमत १८ लाख रुपये होते. १ ऑक्टोबर २०२४ ला लागू झालेल्या, त्या वेळच्या दराने विक्रीच्या बाजूवरील सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स ०.०२ टक्के, म्हणजे ३६० रुपये. खरेदीवरील मुद्रांक शुल्क ०.००२ टक्के, म्हणजे ३६ रुपये. शेअर बाजाराचे शुल्क प्रत्येक बाजूला लाखामागे १.७३ रुपये, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ६२ रुपये. सेबीचे शुल्क कोटीमागे १० रुपये, म्हणजे साडेतीन रुपयांच्या आसपास. शेवटच्या दोन रकमांवर १८ टक्के जीएसटी धरल्यास आणखी १२ रुपये. एकूण सुमारे ४७४ रुपये होतात आणि त्यांना ७५ ने भागले की ६.३ अंक येतात. म्हणजे त्या दरांनी, ब्रोकरेज शून्य असतानाही निफ्टी सहा अंकांपेक्षा अधिक हलल्याशिवाय जॉबर बरोबरीला येत नाही. दोन-तीन अंक ‘टिपण्याची’ जी पद्धत व्हिडिओत आकर्षक दिसते, ती या गणितात बसत नाही.

करांचे दर अर्थसंकल्पात बदलतात आणि लॉटचा आकारही बदलतो. म्हणून हे गणित आजचे दर घेऊन पुन्हा करावे आणि दर बदलला की त्याच दिवशी दुरुस्त करावे. त्यानंतर तेच ऑप्शन्ससाठी आणि रोख बाजारातील इंट्राडेसाठीही (त्याच दिवशी बंद होणारे सौदे) करून पाहावे.

या खर्चात आणखी एक अदृश्य खर्च असतो. खरेदीदाराचा आणि विक्रेत्याचा भाव यांच्यात अंतर असते, आणि तुम्ही घाईने ऑर्डर टाकलीत की ते अंतर तुमच्या खिशातून जाते. त्याची कोणतीही पावती मिळत नाही.

तपासणी: कागद-पेन्सिल घेऊन, दर समोर ठेवून, पाच मिनिटांत कोणत्याही सौद्याचा बरोबरीचा भाव काढता आला पाहिजे.

टप्पा ४: अभ्यास, परीक्षा आणि त्यांची मर्यादा

अभ्यासाचा क्रम असा ठेवावा: ऑर्डरचे प्रकार व ऑर्डर बुकचे (बाजारात थांबलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरची यादी) वाचन, मार्जिनची रचना, फ्युचर्सचा योग्य भाव व्याजदरावरून कसा ठरतो, आणि सर्वांत शेवटी ऑप्शन्स. ऑप्शन्समध्ये डेल्टा, गॅमा, थीटा व व्हेगा (ऑप्शनचा भाव कशाने किती बदलतो याची मापे) यांच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा, बाजार शंभर अंक पडल्यास आणि एक दिवस सरल्यास आपल्या पोझिशनचे, म्हणजे उघड्या सौद्यांचे, काय होईल, हे आधी कागदावर लिहून मग पडताळावे. भारतात ऑक्टोबर २०१९ पासून सर्व शेअर डेरिव्हेटिव्ह्जची (शेअरवरील फ्युचर्स आणि ऑप्शन्सची) पूर्तता प्रत्यक्ष शेअरच्या देवघेवीने होते. हे माहीत नसलेला नवखा उमेदवार एखाद्या शेअरचा ऑप्शन मुदतीपर्यंत धरून ठेवतो आणि लाखो रुपयांचे शेअर घेण्याचे किंवा देण्याचे दायित्व अंगावर घेतो.

परीक्षा म्हणाल, तर सेबीची प्रशिक्षण संस्था असलेल्या एनआयएसएमची सिरीज ८, म्हणजे इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जची प्रमाणपत्र परीक्षा, ब्रोकरच्या डेस्कवर बहुधा मागितली जाते. शंभर गुणांच्या या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराचे गुण वजा होतात आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. अभ्यासपुस्तिका एनआयएसएमच देते. नीट वाचली तर वेगळ्या क्लासची गरज पडत नाही. हे प्रमाणपत्र टर्मिनलवर बसण्याची पात्रता देते. सौदे करता येतात याचा पुरावा म्हणून ते कोणी पाहत नाही, त्यामुळे बायोडेटात ते एका ओळीत लिहावे.

टप्पा ५: नोंदवही ठेवा आणि तिच्याकडून खोटे बोलून घेऊ नका

संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत लांब टप्पा आहे. बहुतेक जण तो गाळतात किंवा पंधरा दिवसांत संपवतात.

इंडेक्स डेरिव्हेटिव्हच्या नव्या कराराचे किमान मूल्य २० नोव्हेंबर २०२४ पासून १५ लाख रुपये झाले आहे. त्यामुळे सरावासाठी एक लॉट घेणे हीच नवख्यासाठी मोठी उडी आहे. सराव रोख बाजारात, भरपूर उलाढाल असलेल्या एखाद्या शेअरच्या अगदी थोड्या संख्येवर करावा. मिळणारी रक्कम नगण्य असली तरी चालेल, कारण या टप्प्यात तुम्ही स्वतःची शिस्त मोजत असता.

नोंदवहीत प्रत्येक सौद्यासाठी पुढील गोष्टी सौद्याच्या आधी लिहाव्यात: प्रवेशाचे कारण, ठरवलेला भाव, चूक ठरल्यास बाहेर पडण्याचा भाव आणि सोडण्याची वेळ. सौद्यानंतर प्रत्यक्ष भाव, सर्व खर्च आणि नियम पाळला की मोडला, याची नोंद करावी. नियम मोडून झालेला नफा लाल शाईने लिहावा. तोच पुढे सर्वांत महाग पडतो.

आता या नोंदींचा अर्थ कसा लावायचा ते पाहा. समजा, १०० पैकी ४५ सौदे जिंकले, सरासरी नफा १,४०० रुपये आहे आणि उरलेल्या ५५ सौद्यांत सरासरी तोटा १,००० रुपये आहे. प्रत्येक सौद्यामागे ६३० वजा ५५०, म्हणजे ८० रुपये शिल्लक दिसतात. त्यातून सौद्याचा १२० रुपये खर्च वजा केला की पद्धत तोट्याची ठरते. खर्च शून्य धरला, तरी प्रश्न संपत नाही. या आकड्यांचे प्रमाण विचलन (सौदे सरासरीपासून किती दूर पसरतात याचे माप) सुमारे १,२०० रुपये येते, त्यामुळे १०० सौद्यांच्या सरासरीतच अंदाजे १२० रुपये इकडे-तिकडे होण्याइतकी अनिश्चितता असते. ८० रुपयांची सरासरी निव्वळ नशिबानेही येऊ शकते. चारशे सौदे केल्यावर ती अनिश्चितता साठ रुपयांवर येते. तरीही खात्रीने काही सांगता येत नाही. महिनाभराच्या नफ्यावर राजीनामा लिहिणाऱ्याने हे गणित एकदा स्वतःच्या आकड्यांवर करून पाहावे.

जुन्या आकडेवारीवर पद्धत तपासणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. आज निफ्टीत असलेले पन्नास शेअर घेऊन दहा वर्षांपूर्वीपासून चाचणी केली जाते. पडलेल्या कंपन्या त्यातून आपोआप गळालेल्या असतात. दिवसाचा बंद भाव वापरून त्याच दिवशी सकाळी खरेदी दाखवली जाते. साप्ताहिक मुदतीवर आधारलेल्या पद्धतींत तर आणखी मोठा घोळ होतो. २० नोव्हेंबर २०२४ नंतर प्रत्येक शेअर बाजाराला एकाच निर्देशांकाचा साप्ताहिक करार ठेवता येतो, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून एनएसईच्या करारांची मुदत मंगळवारी व बीएसईची गुरुवारी संपते. रोज कोणता ना कोणता करार संपत असतानाच्या काळातला नफा दाखवणारी चाचणी आजच्या बाजाराबद्दल फारसे सांगत नाही. मुलाखतीत अनुभवी माणूस पहिला प्रश्न नेमका तारखांबद्दल विचारतो.

तपासणी: किमान सहा महिन्यांच्या नोंदी, सर्व खर्च वजा करून, एका पानाच्या तक्त्यात मांडता येतात का? त्यात सर्वाधिक सलग तोटा किती होता, हा आकडा आहे का? तो नसेल, तर तक्ता अपुरा आहे.

टप्पा ६: संस्थेची पडताळणी करा

अर्ज पाठवण्याआधी सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत संस्थेचे नाव शोधावे. स्टॉक ब्रोकरचा नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ या अक्षरांनी सुरू होतो. क्रमांक जाहिरातीतून उचलून पडताळू नये. नाव टाकून यादीतून क्रमांक काढावा आणि मग दोन्ही जुळवावेत, कारण खऱ्या संस्थेचा क्रमांक वापरणारे तोतये आहेत. पत्ता आणि संचालकांची नावे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींशी ताडून पाहावीत.

बाजाराबाहेर, वहीत किंवा एखाद्या ॲपमध्येच सौदे लिहिणाऱ्या ‘डब्बा’ कार्यालयाचे रूप बाहेरून प्रॉप कार्यालयासारखेच दिसते. टर्मिनल, खुर्च्या, चहा, सारे सारखे असते. सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) कायदा, १९५६ खाली असे व्यवहार बेकायदा आहेत, आणि तेथे तुम्ही जिंकलात तर पैसे देण्याची जबाबदारी कोणावरही नसते.

सावधान: नोकरी मिळण्यासाठी पैसे मागितले, मग त्यांना प्रशिक्षण शुल्क म्हणोत, सॉफ्टवेअर शुल्क म्हणोत की परत मिळणारी अनामत, तर ती नोकरी नाही. तो व्यवहार म्हणून तपासावा.

टप्पा ७: लेखी परीक्षा आणि मुलाखत

अल्गो संस्थांमध्ये आणि चांगल्या डेस्कवर बाजाराचे भाकीत विचारले जात नाही. तोंडी गणित, संभाव्यता आणि अनिश्चिततेत निर्णय घेण्याची सवय पाहिली जाते. एक नमुना देतो. फासा टाकल्यावर जितके ठिपके येतील तितके रुपये मिळणार असतील, तर त्या खेळाची सरासरी किंमत साडेतीन रुपये. आता पहिला फासा न आवडल्यास एकदा पुन्हा टाकण्याची मुभा दिली, तर किंमत किती? चार, पाच किंवा सहा आल्यास थांबायचे आणि अन्यथा पुन्हा टाकायचे. निम्म्या वेळा सरासरी पाच आणि निम्म्या वेळा साडेतीन मिळतील, म्हणून उत्तर सव्वाचार रुपये. त्यानंतर लगेच विचारले जाते की या खेळासाठी तुम्ही खरेदीचा आणि विक्रीचा कोणता भाव द्याल. समोरच्याने तुमच्या भावाला विक्री केली की तुम्ही भाव खाली आणता का, हे तेथे बारकाईने पाहिले जाते. समोरच्याला काही माहीत असू शकते, हे ज्याच्या लक्षात येत नाही त्याला थांबवले जाते.

प्रो डेस्कच्या मुलाखतीत टप्पा ३ मधले खर्चाचे गणित आणि टप्पा ५ मधला तक्ता उपयोगी पडतो. तोट्याचा सर्वांत वाईट आठवडा स्वतःहून दाखवावा आणि त्यानंतर कोणता नियम बदलला ते सांगावे. फक्त नफ्याचे स्क्रीनशॉट घेऊन येणारा उमेदवार समोरच्याने शेकड्याने पाहिलेला असतो.

टप्पा ८: करार ओळीने वाचा

करार घरी आणावा आणि निदान दोन दिवस स्वतःजवळ ठेवावा. ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्याकडे सही करू नये. पुढील कलमांवर पेन्सिलने खूण करावी.

नफ्याची वाटणी खर्चाच्या आधी होते की नंतर? समजा, महिन्याचा नफा एक लाख, डेस्कचा खर्च २५,००० आणि वाटा निम्मा आहे. खर्च आधी वजा केला तर तुम्हाला ३७,५०० रुपये मिळतात. वाटणी करून मग सगळा खर्च तुमच्या वाट्यातून कापला तर २५,००० मिळतात. जाहिरातीत दोन्हींना ‘पन्नास टक्के’ असेच म्हणतात.

तोटा पुढे ओढला जातो का, आणि किती काळ? एप्रिलमध्ये दोन लाख नफा, मेमध्ये तीन लाख तोटा आणि जूनमध्ये दोन लाख नफा झाला, तर महिनेवार हिशेबात एप्रिलचा एक लाख हाती येतो आणि जूनमध्ये काहीच मिळत नाही, कारण एक लाखाची वजाबाकी अजून भरून निघालेली नसते. वर्षअखेरच्या हिशेबात तिन्ही महिन्यांचे मिळून फक्त ५०,००० रुपये होतात. दोन्ही पद्धती प्रामाणिक असू शकतात. कोणती आहे, ते मात्र सहीच्या आधी माहीत असावे.

तोट्याची मर्यादा कशावरून मोजतात? समजा, मर्यादा ५०,००० रुपयांची आहे आणि ती खात्याने गाठलेल्या सर्वोच्च आकड्यावरून, न बंद केलेल्या सौद्यांसह मोजली जाते. दिवसात एकदा ४०,००० चा कागदी नफा दिसला आणि सौदा शेवटी ५,००० च्या तोट्यात बंद झाला, तर सीमा उणे १०,००० वर आलेली असते. प्रत्यक्षात गेले ५,००० आणि हातात उरले ५,००० च. ‘फंडेड अकाउंट’च्या अटींत अनेक जण याच कलमामुळे बाद होतात.

याशिवाय डिपॉझिट किती दिवसांत परत मिळते, नोटिशीचा कालावधी किती, सोडल्यावर दुसऱ्या संस्थेत जाण्यावर कोणते बंधन आहे आणि स्वतःच्या डीमॅट खात्यातील सौद्यांना पूर्वपरवानगी लागते का, हे पाहावे. ब्रोकरच्या कर्मचाऱ्यांना अंतर्गत आचारसंहिता लागू असते. जुने खाते न सांगता चालू ठेवणे ही नोकरी जाण्याइतकी गंभीर चूक ठरू शकते.

हाती येणारी रक्कम पगार म्हणून दाखवली जाणार की व्यावसायिक शुल्क म्हणून, हेही लिहून घ्यावे, कारण त्यावर करकपात आणि विवरणपत्राचा नमुना अवलंबून असतो. स्वतःच्या खात्यातील फ्युचर्स-ऑप्शन्सचे उत्पन्न व्यवसायाचे धरले जाते आणि त्याचा तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो. शेअरच्या इंट्राडेचा तोटा सट्ट्याचा धरला जाऊन चारच वर्षे जातो. दोन्हींसाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. सरावाच्या वर्षातला छोटा तोटा दाखवायचा राहून गेला, अशी चूक वारंवार दिसते.

टप्पा ९: डेस्कवरचे पहिले सहा महिने

पहिल्या दिवशी मर्यादा विचारून घ्याव्यात: एका सौद्याची, दिवसाची आणि महिन्याची. महिन्याची मर्यादा ५०,००० असेल, तर स्वतःची दिवसाची मर्यादा ५,००० च्या आसपास ठेवावी, म्हणजे सलग नऊ वाईट दिवस गेले तरी खुर्ची टिकते. चुकून एक शून्य जास्त टाकलेली ऑर्डर कशी थांबवायची, लाइन गेली तर कोणाला फोन करायचा आणि सर्व पोझिशन एकदम बंद करण्याचे बटण कोठे आहे, याची रंगीत तालीम बाजार बंद असताना करावी. मुदत संपण्याच्या दिवशी पहिले काही आठवडे फक्त पाहावे.

चूक झाली की ती लगेच रिस्क मॅनेजरला सांगावी. हा सल्ला साधा वाटतो. पण नवख्या माणसाची खुर्ची बहुतेकदा तोट्यामुळे जात नाही, तो दुपारपर्यंत लपवल्यामुळे जाते. दहा हजारांचा तोटा भरून काढण्यासाठी आकार दुप्पट केला जातो, आणि दोन वाजता तो ऐंशी हजारांवर उभा असतो.

थांबण्याची अट रुजू होण्याआधीच लिहून, घरातल्या एका माणसाच्या हाती द्यावी. उदाहरणार्थ: सहा महिन्यांत खर्च वजा करून नफा नसेल आणि नोंदवहीत नियम मोडलेले सौदे दहा टक्क्यांपेक्षा अधिक असतील, तर काम सोडायचे. नियम पाळूनही नफा नसेल, तर हाताने सौदे करणे सोडून त्याच संस्थेतील जोखीम नियंत्रण, ऑपरेशन्स किंवा प्रोग्रॅमिंगच्या कामासाठी विचारणा करायची. सहा महिन्यांची नीट ठेवलेली नोंदवही त्या मुलाखतीतही दाखवता येते. सोडताना डिपॉझिट परत मिळाल्याची पावती, शेवटच्या महिन्याचा वाटणीचा हिशेब आणि करकपातीचे प्रमाणपत्र हे तीन कागद हाती आल्याशिवाय टर्मिनलचे ओळखपत्र परत करू नये.